कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध संरक्षण आदेश: कोकणातल्या बायकांसाठी पायरीपायरीने

घरात मारहाण झाली, घराबाहेर काढलं, पैसे तोडले, की आपल्याकडची बाई आधी माहेरी फोन करते, मग वाडीच्या बैठकीत जाते आणि फारच झालं तर पोलीस ठाण्यात. न्यायालयाकडून संरक्षण आदेश मागता येतो हे तिला सगळ्यात शेवटी कळतं, तेही कोणी सांगितलं तर. मी हा आदेश आमच्या तालुक्याच्या कोर्टातून घेतला आहे. त्यानंतर ओळखीतल्या काही जणींबरोबर कोर्टात जाऊन बसले आहे. त्यावरून सांगते, आदेश आपोआप मिळत नाही, आणि मोघम मागितला तर मोघमच मिळतो. नेमकं मागणाऱ्या बाईला हा कायदा खरोखर उपयोगी पडतो. ते कसं मागायचं, तेच इथे लिहिलं आहे.

कायद्याचं पूर्ण नाव ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५’. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. कोर्टात सगळे त्याला ‘डीव्ही’ म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणेन.

१. आधी जीव सांभाळा

आत्ता, या क्षणी धोका असेल तर पुढचं नंतर वाचा. ११२ हा पोलिसांचा आपत्कालीन नंबर आहे आणि १८१ ही महिला हेल्पलाइन. जखम असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जे जवळ असेल तिथे जा आणि डॉक्टरांना खरं सांगा. आपल्याकडे डॉक्टर घरच्यांच्या ओळखीचे असतात, म्हणून ‘पायरीवरून घसरले’ असं सांगितलं जातं आणि केसपेपरवर तेच उतरतं. पुढे कोर्टात समोरचा वकील तोच केसपेपर दाखवतो. कोणी मारलं, कशाने मारलं, कधी मारलं, हे डॉक्टरांना सांगा आणि लिहायला लावा. केसपेपरची प्रत मागून घ्या.

जाण्यासारखी जागा नसेल तर जिल्ह्यातल्या ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता निवारा, समुपदेशन, वैद्यकीय आणि कायदेशीर मदत एकाच ठिकाणी मिळते. १८१ वर विचारलं की तिथपर्यंत कसं पोचायचं ते सांगतात.

मोबाइलकडेही बघा. नवऱ्याला तुमचा पासवर्ड माहीत असेल तर बदला. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून दुसऱ्या कुठल्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर तुमचं खातं चालू आहे का ते तपासा. लोकेशन कोणाला दिसतंय तेही बघा. वकिलाशी बोलणं नवऱ्याने भरलेल्या रिचार्जच्या फोनवर करण्यापेक्षा बहिणीच्या किंवा विश्वासातल्या शेजारणीच्या फोनवर केलेलं बरं.

२. तुमची अडचण डीव्हीत बसते का?

बहुतेक जणींना वाटतं की हाड मोडलं तरच हिंसाचार. कायदा चार प्रकार सांगतो: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आणि आर्थिक. आर्थिक छळ आपल्या भागात किती असतो हे वेगळं सांगायला नको. चाकरमानी नवरा मुंबईत, बायको गावी सासूसासऱ्यांबरोबर, आणि घरखर्चाचे पैसे महिनोन्‌महिने येत नाहीत. बंदरावर दिवसभर मासळी विकून आलेले पैसे संध्याकाळी हिसकावून घेतले जातात. आंब्याच्या हंगामात पॅकिंगला जाऊन मिळवलेली मजुरी सासऱ्याच्या हातात द्यावी लागते. दागिने ‘सांभाळायला’ म्हणून घेतले आणि परत दिले नाहीत. किचनला कुलूप घातलं, विहिरीच्या पंपाचं बटण बंद केलं, मागच्या खोलीची लाइट तोडली. हे सगळं त्यात येतं.

नातं फक्त नवराबायकोचंच असावं लागतं असंही नाही. रक्ताचं, लग्नाचं, लग्नासारखं एकत्र राहण्याचं, दत्तक, एकत्र कुटुंबाचं नातं असेल आणि एका घरात राहत असाल किंवा पूर्वी राहिला असाल, तर अर्ज करता येतो. मुलगा मारतो म्हणून आई अर्ज करू शकते. भाऊ घरात राहू देत नाही म्हणून अविवाहित बहीण करू शकते. विधवा सून दिराविरुद्ध करू शकते. आणि अर्ज केवळ पुरुषाविरुद्धच करायचा असंही आता नाही. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने हिरल हरसोरा प्रकरणात ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द कायद्यातून काढून टाकले. त्यामुळे सासू, नणंद यांनाही सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध अर्ज आहे ते, करता येतं. तरीही सरसकट अख्ख्या घराची नावं घालू नका. ज्यांनी काही केलं आहे आणि काय केलं ते तुम्ही सांगू शकता, तेवढीच घाला. दहा नावं घातली की दहा जणांना नोटीस पोचवायची, आणि त्यातच प्रकरण रेंगाळतं.

डीव्ही टाकली म्हणजे लग्न मोडलं, असं मुळीच नाही. घटस्फोट न मागता, त्याच घरात राहूनसुद्धा, हा अर्ज चालतो.

३. कागद जमवा, पण कागदासाठी थांबू नका

जे हाताशी आहे ते एका पिशवीत घालून घराबाहेर, विश्वासाच्या ठिकाणी ठेवा. मूळ नेता येत नसेल तर मोबाइलवर फोटो काढून दुसऱ्याच्या फोनवर पाठवा.

- आधार कार्ड, रेशन कार्ड, स्वतःचं बँक पासबुक
- लग्नाचा दाखला. तो नसेल तर लग्नपत्रिका आणि लग्नातले फोटो
- मुलांचे जन्मदाखले आणि शाळेचे कागद
- तुम्ही त्या घरात राहता हे दाखवणारं काहीही: मतदान कार्ड, गॅसचं पुस्तक, त्या पत्त्यावर आलेलं पत्र
- घराचा नमुना ८ उतारा किंवा घरपट्टीची पावती. घर कोणाच्याही नावावर असो
- दवाखान्याचे केसपेपर, एक्स-रे, औषधांच्या चिठ्ठ्या
- पोलीस ठाण्यात पूर्वी दिलेल्या तक्रारीची पोच किंवा एनसीची (अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीची) प्रत
- स्त्रीधनाची यादी: कोणता दागिना, कोणी दिला, कधी, सोनाराची पावती असेल तर ती
- नवऱ्याची पगाराची स्लिप, कंपनीच्या ओळखपत्राचा फोटो, मुंबईतल्या खोलीचा पत्ता, बोट किंवा बाग असेल तर तिचे कागद

मेसेज आणि रेकॉर्डिंग यांच्या बाबतीत एकच सांगते: ज्या फोनवर ते आलं, तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, चॅट डिलीट करू नका. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकील तयार करून देतात, पण मूळ फोन हवा.

आणि एक वही करा. रोजची डायरी नको, घटनांची वही. तारीख आठवत नसेल तर ‘शिमग्याच्या होमाच्या दुसऱ्या दिवशी’, ‘धाकट्याचा दहावीचा निकाल लागला त्या आठवड्यात’ असं लिहा. पालखी घरी आली होती त्या दिवशी झालेला प्रकार बाईला वर्षं लोटली तरी आठवतो. त्यावरून तारीख नंतर काढता येते. प्रत्येक घटनेत काय झालं, कुठे, कोण कोण होतं, तुम्ही नंतर कोणाला सांगितलं, एवढं असू द्या.

४. पहिलं दार कोणतं?

तुम्ही चार ठिकाणांपैकी कुठूनही सुरुवात करू शकता: संरक्षण अधिकारी, पोलीस, सेवा देणारी नोंदणीकृत संस्था, किंवा थेट कोर्ट. यातल्या कोणाकडेही गेलात तरी तुमचे हक्क, मोफत वकील आणि संरक्षण अधिकारी यांची माहिती तुम्हाला देणं कलम ५ नुसार त्यांचं कर्तव्य आहे.

मी स्वतः पहिल्यांदा गेले ते पोलीस ठाण्यात. तिथे एनसी लिहून घेतली आणि घरी जायला सांगितलं. डीव्ही, संरक्षण अधिकारी, मोफत वकील, यातला एक शब्दही कोणी उच्चारला नाही. असं तुमच्याबाबतीत झालं तर तिथेच थांबू नका. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. तिने कोणाला घरात येण्यापासून रोखता येत नाही आणि पोटगीही मिळत नाही. तिची प्रत मात्र जपून ठेवा, ती पुढे पुरावा म्हणून लागते.

मारहाण, हुंड्यासाठी छळ असा गंभीर प्रकार असेल तर पोलिसांकडे गुन्हा नोंदवण्याचा मार्ग वेगळा आणि डीव्हीचा वेगळा. पूर्वीचं ४९८ अ, म्हणजे नवरा-सासरच्यांनी केलेल्या छळाचं कलम, आता, १ जुलै २०२४ पासून, भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे. दोन्ही एकाच वेळी करता येतं. शिक्षा व्हावी यासाठी गुन्हा. घरात राहता यावं, खर्च मिळावा, त्रास थांबावा यासाठी डीव्ही. माझ्या मते ज्या बाईला उद्या सकाळी मुलांना काय खायला घालू हा प्रश्न आहे, तिने डीव्हीचा अर्ज अजिबात लांबवू नये.

बैठकीबद्दल. ‘घरातला घरातच मिटवया, कोर्टात कशाक जातस?’ हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागणार. पोलीस पाटील, तंटामुक्ती समिती, गावकर, भावकीतली मोठी माणसं यांच्यापैकी कोणालाही संरक्षण आदेश देण्याचा अधिकार नाही. ते समजूत घालू शकतात, त्यांनी घातलेली समजूत टिकली तर चांगलंच. पण पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलेली हमी कोर्टाच्या आदेशासारखी मोडता क्षणी अटक करायला लावत नाही. आणि बैठकीत दोन गोष्टी कधीही करू नका. कोऱ्या कागदावर सही करू नका. ‘मी स्वखुशीने माहेरी जात आहे’ असं लिहिलेल्या कागदावर सही करू नका. हा दुसरा कागद घरात राहण्याच्या तुमच्या हक्काच्या आड येतो.

५. संरक्षण अधिकारी आणि डीआयआर

संरक्षण अधिकारी हे महिला व बाल विकास विभागाचे. तुमच्या तालुक्याचे कोण, हे जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात कळतं. रायगडला अलिबाग, रत्नागिरीला रत्नागिरी शहर, सिंधुदुर्गला ओरोसची सिंधुदुर्गनगरी. जायच्या आधी फोन करा, कारण एकाच अधिकाऱ्याकडे बरंच काम असतं आणि ते कोर्टात किंवा दौऱ्यावर असू शकतात. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तरी वेंगुर्ल्याच्या टोकाच्या गावातून ओरोसला जाऊन हात हलवत परत येणं परवडत नाही.

संरक्षण अधिकारी तुमचं ऐकून नमुना १ मध्ये घटनेचा अहवाल भरतात. यालाच डीआयआर म्हणतात. तो कोर्टात जातो आणि त्याची प्रत तुमच्या हद्दीच्या पोलीस ठाण्यालाही जाते. छोट्या गावात बातमी पसरते, म्हणून ही प्रत जाणार आहे हे आधीच माहीत असू द्या आणि त्या दिवसांत कुठे राहायचं ते ठरवून ठेवा. अहवाल भरताना आपली वही समोर ठेवा. अधिकारी थोडक्यात लिहीत असतील तर विनंती करून तारखा आणि नावं घालायला लावा. सही करण्याआधी वाचून घ्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. त्याची एक प्रत तुम्हाला मोफत मिळते.

अधिकारी रजेवर आहेत, पद रिकामं आहे, अशा कारणाने अडून राहू नका. २०२२ साली प्रभा त्यागी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की डीआयआर नसला तरी कोर्ट अर्जावर आदेश देऊ शकतं. वकिलामार्फत किंवा स्वतः थेट अर्ज द्या.

शेजारणीलाही संरक्षण अधिकाऱ्याला कळवता येतं. पिडीत बाईनेच जायला हवं असं नाही. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर त्याबद्दल कसलीही जबाबदारी येत नाही. आशाताई, अंगणवाडी सेविका, बचत गटातल्या बायका यांनी हे लक्षात ठेवावं, कारण घरातलं सगळ्यात आधी त्यांनाच कळतं.

६. वकील मोफत मिळतो

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तिचं उत्पन्न किती, घर कौलारू की स्लॅबचं, हे बघायचं नसतं. उत्पन्नाचा दाखला आणा असं कोणी म्हणालं तर नम्रपणे सांगा की महिलांना ही अट नाही.

जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. साध्या कागदावर अर्ज करा: नाव, पत्ता, थोडक्यात अडचण, ‘डीव्हीचा अर्ज करायचा आहे, वकील मिळावा’. आधारची झेरॉक्स जोडा, पोच घ्या. फोनवर विचारायचं असेल तर १५१००.

नेमलेला वकील पैसे मागू शकत नाही. मागितले तर त्याच कार्यालयात सचिवांना लेखी कळवा आणि वकील बदलून मागा. वकील तुमच्या सासरच्या गावचा किंवा नात्यातला निघाला, हे आपल्याकडे सहज होतं, तेव्हाही बदलून मागा. लाजू नका. महाराष्ट्रात अशा प्रकरणांत महिलांना कोर्ट फीही माफ आहे.

७. कोणत्या कोर्टात?

प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात. दापोली, खेड, चिपळूण, राजापूर, देवगड, मालवण, कुडाळ, सावंतवाडी, असं तालुक्याच्या ठिकाणी ते असतं. मुंबईला जायची गरज नाही, आणि हे आपल्याकडच्या बायकांना सगळ्यात उपयोगी आहे. नवरा नालासोपाऱ्याला राहतो, लग्न विरारला झालं, मारहाण दिवा इथल्या खोलीत झाली, आणि आता तुम्ही देवगडजवळ माहेरी आहात, तर देवगडच्या कोर्टात अर्ज करता येतो. कलम २७ प्रमाणे तुम्ही कायमच्या किंवा तात्पुरत्या जिथे राहता, नोकरी-धंदा करता, सामनेवाला जिथे राहतो, किंवा घटना जिथे घडली, यातलं कोणतंही कोर्ट चालतं. माहेरी राहत असल्याचा पुरावा म्हणून ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला किंवा मुलाच्या नव्या शाळेचा दाखला जोडावा.

८. अर्जात नेमकं काय मागायचं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. अर्ज नमुना २ मध्ये असतो आणि वकील तो करून देतात. पण वकिलासमोर रोज अशा फाइल्स असतात, तुमच्या घराचा नकाशा त्यांना माहीत नसतो. ‘सामनेवाल्याने अर्जदारास त्रास देऊ नये’ अशा एका ओळीवर आदेश मिळाला, तर उद्या तो तुमच्या कामाच्या ठिकाणी येऊन उभा राहिला की पोलीस विचारतात, ‘यात त्रास काय?’ म्हणून प्रत्येक गोष्ट तोडून मागा.

संरक्षण आदेश (कलम १८) मागताना: माझ्या माहेरच्या घरी, मी काम करते त्या काजू कारखान्यात, मुलांच्या शाळेत येऊ नये. फोन, व्हॉट्सॲप, दुसऱ्याच्या फोनवरून मेसेज, गावातल्या माणसाकरवी निरोप, यांपैकी कशानेही संपर्क करू नये. माझ्या आईवडिलांना, भावाला धमकावू नये. दागिने, जॉइंट खात्यातले पैसे, लॉकर यांना कोर्टाच्या परवानगीशिवाय हात लावू नये.

निवास आदेश (कलम १९) मागताना खोलीपर्यंत लिहा. ‘घर क्रमांक अमुक, त्यातली पडवीलगतची खोली, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम, विहिरीचं पाणी आणि लाइटचं कनेक्शन वापरायला अडथळा करू नये’ असं. सासरचे म्हणतात, ‘घर तुझ्या नवऱ्याच्या नावावर नाही, आजेसासऱ्याच्या नावावर आहे.’ २०२० साली सतीशचंदर आहुजा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सामायिक घर म्हणजे नवऱ्याच्याच मालकीचं घर असं नाही, नातेवाइकाच्या मालकीचं घरही सामायिक घर ठरू शकतं. मात्र तिथे तुमचं राहणं कायमस्वरूपाचं होतं का हे कोर्ट बघतं. संसार मुंबईला आणि गावच्या घरी फक्त गणपतीला चार दिवस, असं असेल तर वाद होऊ शकतो. अशा वेळी मुंबईच्या खोलीबाबतही मागणी करा किंवा भाड्याच्या पर्यायी घराचा खर्च मागा. हा हक्क राहण्याचा आहे, मालकीचा नाही. आणि सासूला किंवा नणंदेला घराबाहेर काढा असा आदेश मिळत नाही, कायद्यातच स्त्रीविरुद्ध तशी मनाई आहे. त्यांनी तुमच्या खोलीत येऊ नये, अडवू नये, असं मागता येतं.

दागिने आणि स्त्रीधन परत मिळण्याची मागणी याच कलमात येते. यादी जोडा, वजनासकट.

खर्च (कलम २०) मागताना मुलांची फी, औषधं, किराणा, भाडं असे महिन्याचे आकडे द्या. नवरा नोकरीला असेल तर पगारातून कापून थेट तुमच्या खात्यात भरावेत असा आदेश कंपनीला देण्याची विनंती करता येते. ही विनंती लोक विसरतात, आणि दर महिन्याला त्याच्या मर्जीवर अवलंबून राहतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश प्रकरणानंतर दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. तुमच्या प्रतिज्ञापत्रात शिवणकामाचे, बचत गटाचे पैसे लपवू नका. छोटी रक्कम लपवलेली उघडी पडली की मोठ्या गोष्टींवरचा विश्वासही जातो.

मुलांचा तात्पुरता ताबा (कलम २१) आणि भरपाई (कलम २२) हेही याच अर्जात.

९. अंतरिम आदेश वेगळा मागा

कायदा म्हणतो की पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत देण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात वेळ लागतो. म्हणून मुख्य अर्जाबरोबर कलम २३ चा अर्ज द्या. त्यासोबत नमुना ३ मधलं प्रतिज्ञापत्र लागतं. त्यावर कोर्टाला, सामनेवाल्याचं म्हणणं येण्याआधीही, एकतर्फी अंतरिम आदेश देता येतो. प्रतिज्ञापत्रात गेल्या काही दिवसांतली ताजी घटना आणि पुढे काय होण्याची भीती आहे ते असावं. दहा वर्षांचा इतिहास मुख्य अर्जात राहू द्या.

वकील ‘आधी नोटीस जाऊ दे, मग बघू’ म्हणाले तर का, ते विचारा. कारण पटलं नाही तर अंतरिम अर्ज आजच द्या असा आग्रह धरा.

१०. नोटीस, तारखा, समुपदेशन

आपल्याकडच्या केसेस अडकतात त्या नोटिशीत. मुंबईत खोली बदललेली असते, पाकीट ‘पत्त्यावर मिळून आले नाही’ शेऱ्याने परत येतं, आणि पुढची तारीख महिन्यानंतरची पडते. म्हणून अर्जातच गावचा पत्ता, खोलीचा पत्ता, कंपनीचा पत्ता, मोबाइल नंबर, सगळं द्या. तो गणपतीला किंवा शिमग्याला गावी येणार हे माहीत असेल तर त्या दिवसांत गावच्या पत्त्यावर नोटीस बजावण्याची विनंती संरक्षण अधिकाऱ्यांना आधीच करून ठेवा.

अर्ज दाखल झाला की १६ अंकी सीएनआर नंबर मिळतो. तो लिहून ठेवा. ईकोर्ट्स ॲपवर तो टाकला की पुढची तारीख आणि त्या दिवशी काय झालं ते दिसतं. आदल्या रात्री बघून मगच एसटी पकडा. पावसाळ्यात रस्ता बंद असेल, मूल आजारी असेल, तर वकिलाला सकाळीच कळवा आणि गैरहजेरीचा अर्ज द्यायला सांगा. न कळवता गैरहजर राहिलात तर अर्ज निकाली निघण्याचा धोका असतो.

कोर्टात सामनेवाल्यासमोर बोलायला भीती वाटत असेल तर सुनावणी बंद दाराआड घेण्याची विनंती करता येते, कलम १६ मध्ये तशी सोय आहे.

कोर्ट समुपदेशनाला पाठवू शकतं. जा, पण दोन गोष्टी जाणून जा. समुपदेशक कोणत्याही पक्षाचा नातेवाईक किंवा वादाशी संबंधित नसावा असा नियम आहे. तसा असेल तर कोर्टाला सांगा. आणि तडजोड झालीच तर ती कोर्टासमोर नोंदवून तिचा आदेश करून घ्या. तोंडी ‘आता नाही त्रास देणार’ यावर केस मागे घेऊन सासरी गेलेल्या आणि परत नव्याने अर्ज करावा लागलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. पुन्हा नोटीस, पुन्हा तारखा.

११. आदेश हातात आल्यावर

आदेशाची प्रत तुम्हाला विनामूल्य मिळते आणि कोर्टाने ती हद्दीच्या पोलीस ठाण्यालाही पाठवायची असते. ती पोचली का, हे स्वतः बघा. प्रत घेऊन ठाण्यात जा, आवक शिक्का मारून पोच घ्या, ठाणे अंमलदारांना आदेशातल्या ओळी दाखवा. तुम्ही माहेरी एका ठाण्याच्या हद्दीत आणि सासर दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत असेल तर दोन्हीकडे द्या. शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि कामाच्या ठिकाणी एकेक झेरॉक्स द्या. फोनमध्ये फोटो ठेवा.

संरक्षण आदेश तुम्ही स्वतः रद्द करायला सांगेपर्यंत चालू राहतो. परिस्थिती बदलली, तुम्ही खोली बदलली, मुलांची शाळा बदलली, तर आदेशात बदल करण्याचा अर्ज देता येतो.

१२. आदेश मोडला तर

संरक्षण आदेश मोडणं हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे. कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. लगेच ११२ ला फोन करा किंवा ठाण्यात जा. आदेशाची प्रत दाखवा आणि ‘आदेश क्रमांक अमुक, त्यातली तिसरी अट मोडली’ असं लिहून द्या. पोलिसांनी दाद दिली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा आणि वकिलामार्फत त्याच कोर्टासमोर अर्ज द्या. या गुन्ह्यात तुमच्या एकटीच्या साक्षीवरही कोर्ट निष्कर्ष काढू शकतं, साक्षीदार नाही म्हणून गप्प बसू नका.

पोटगी थकली तर मार्ग वेगळा: त्याच कोर्टात वसुलीचा अर्ज. थकबाकीचा महिन्यानुसार तक्ता आणि बँक पासबुकाच्या नोंदी जोडा. वॉरंट निघाल्याशिवाय बरेच जण पैसे भरत नाहीत, म्हणून तीन-चार महिने थांबण्यापेक्षा लवकर अर्ज केलेला बरा.

डीव्हीत न बसणारा त्रास

शेजारी, भावकीतला लांबचा चुलता, पाठलाग करणारा गावातला माणूस, यांच्याविरुद्ध डीव्ही चालत नाही. पाठलाग, सतत मेसेज, नजर ठेवणं यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे, त्याची तक्रार पोलिसांत. भांडण वाढून मारामारी होईल अशी भीती असेल तर शांतता राखण्याचा बंधपत्र घेण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर प्रकरण जातं, आपल्याकडे ते बहुधा तहसीलदार असतात. याला पोलीस ‘चॅप्टर केस’ म्हणतात.

कामावर लैंगिक छळ होत असेल आणि तिथे दहापेक्षा कमी माणसं असतील, जसे आपल्याकडचे छोटे काजू कारखाने, मासळीचे शेड, होमस्टे, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे ३ महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची. योग्य कारण असेल तर समिती आणखी ३ महिने वाढवू शकते. आणि म्हाताऱ्या आईवडिलांना मुलगा सांभाळत नसेल, छळत असेल, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांसमोरच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो.

निकाल पटला नाही तर

आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येतं. दिवस मोजताना सुट्ट्या, सण वगळू नका, प्रत मिळताच वकिलाला भेटा. मोफत वकील अपिलातही मिळतो, त्यासाठी नव्याने अर्ज करावा लागतो. त्यापुढे उच्च न्यायालय. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि हे दोन्ही जिल्हे त्याखाली येतात. रायगडची प्रकरणं मुंबईलाच चालतात.